उपकारस्तुतीचे वाङ्मय आणि माळीणची माती

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाने रुळविलेले काही शब्द आपल्या चर्चच्या आवाराबाहेर क्वचितच ऐकू येतात. 'उपकारस्तुती' हा त्यांपैकी एक होय. व्यवहारातली मराठी 'आभार' म्हणते, आणि त्या शब्दात भार दडलेला आहे. ज्याच्यावर उपकार झाला तो ओझ्याखाली आला, असे आपली भाषा मानते. म्हणून मग 'उतराई होणे', 'ऋण फेडणे', 'पांग फेडणे' हे वाक्प्रचार आले. नवससुद्धा आपण 'बोलतो' आणि 'फेडतो'. सावकाराच्या वहीतली ही भाषा देवळात आणि चर्चमध्ये इतकी सहज वावरते की, ती वहीतली आहे याचे भानच राहत नाही. 'कृतज्ञ' हा शब्द त्या मानाने अधिक उदार आहे. जे केले गेले ते जाणणारा, तो कृतज्ञ. येथे फेडण्याचा प्रश्न नसून जाणण्याचा आहे. 'उपकारस्तुती' त्याही पुढे जाते. जे जाणले ते चारचौघांत बोलून दाखविणे तिला अभिप्रेत आहे. म्हणजे हा मुळातच वाङ्मयाचा शब्द आहे. ज्याअर्थी हे वाङ्मय आहे, त्याअर्थी त्याची चिकित्सा करण्यास कोणी संकोच बाळगू नये, असे आम्हांस वाटते.

संकोच बाळगला जातो, हे मात्र खरे. आपल्या नियतकालिकांतून कवितांची परीक्षणे येतात, कथासंग्रहांवर दोन कठोर शब्द लिहिले जातात. परंतु 'साक्ष' या सदराखाली जे छापले जाते त्यावर कोणी बोट ठेवीत नाही. एखाद्या आजीने डोळ्यांतले पाणी पुसत सांगितलेला अनुभव, त्याची का समीक्षा करावयाची? आजींच्या भक्तीची समीक्षा करण्याचा अधिकार कोणासच नाही, आम्हांस तर नाहीच. पण आजींनी ज्या साच्यात तो अनुभव ओतला, तो साचा त्यांचा नव्हे. तो आम्ही धर्मगुरूंनी, प्रवचनकारांनी आणि संपादकांनी त्यांच्या हाती दिलेला असतो. त्या साच्याविषयी बोलता येते.

तो साचा वाचकांच्या परिचयाचा आहे. संकट आले, डॉक्टरांनी हात टेकले, नोव्हेना सुरू केली, नवव्या दिवशी उतार पडला, म्हणून ही साक्ष. मुंबईच्या इंग्रजी दैनिकांत संत ज्यूडचे आभार मानणाऱ्या ज्या चिमुकल्या जाहिराती येत, त्यांत हाच साचा दोन ओळींत आवळलेला असे. वांद्र्याच्या मोत माऊलीपुढे मेणाचे हात, मेणाचे पाय, मेणाची घरे अर्पण केली जातात. तीही एका अर्थाने न लिहिलेली साक्षच. मेणाच्या पायाविषयी आमची काहीच तक्रार नाही. तो नि:शब्द असतो, आणि शेजारच्या पायाशी स्वत:ची तुलना करीत नाही. छापील साक्ष तुलना करते. कोरोनाच्या २०२० आणि २०२१ या वर्षांनंतर अशा साक्षींचा पूर आला. त्यांतल्या कित्येकांत एक वाक्य आम्ही पुन:पुन्हा वाचले : आजूबाजूच्या खाटा रिकाम्या होत गेल्या, पण देवाने मला राखले. वाक्य प्रामाणिक आहे. परंतु ज्या घरातून त्या आजूबाजूच्या खाटेवरचा माणूस गेला, त्या घरातही हेच नियतकालिक जाते.

हा प्रश्न नुसता सौजन्याचा असता तर संपादकाने एक वाक्य खोडून तो मिटवता आला असता. तो खोलवरचा आहे, आणि तो किती खोल आहे हे पाहावयाचे असेल तर पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडच्या डोंगराळ तालुक्यांकडे, आंबेगाव आणि जुन्नरकडे, जावे लागते.

३० जुलै २०१४. आंबेगाव तालुक्यातले माळीण, डोंगराच्या कुशीत वसलेले आदिवासींचे गाव. पावसाची झड लागलेली होती. सकाळी डोंगराचा कडा सुटला आणि चिखलमातीचा लोंढा घरांवरून गेला. बातमी बाहेर आली ती एसटीच्या एका चालकामुळे. नेहमीच्या फेरीला गाडी घेऊन गेलेल्या त्या माणसाला गाव जेथे असावयास हवे तेथे दिसेना. पुढे कित्येक दिवस पावसातच माती उपसण्याचे काम चालले. मृतांचा आकडा १५१ वर गेला. एक तान्हे मूल आणि त्याची आई ढिगाऱ्याखालून जिवंत निघाली, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने सुटकेचा श्वास टाकला. गावातली शाळेची इमारत बचावली. पण ती वेळ शाळा भरण्याची नव्हती. मुले घरी होती.

या शेवटच्या वाक्याशी आपल्या साक्षीचा साचा अडखळतो. 'देवाने शाळा राखली' असे कोणी लिहू धजेल काय? आणि ते मूल वाचले, त्याबद्दल देवाची स्तुती करू नये काय? करावी, नि:संशय करावी. न करणे हा कोरडेपणा ठरेल. परंतु त्या स्तुतीचे वाक्य असे रचले गेले पाहिजे की, ते माळीणच्या स्मृतिस्तंभापुढे उभे राहून मोठ्याने वाचता यावे. आमच्या मते उपकारस्तुतीच्या वाङ्मयाची ही कसोटी आहे. जी स्तुती शोकाकुल माणसासमोर उच्चारता येत नाही, ती देवासमोरही उच्चारता येत नाही. कारण त्या वेळी देव त्या शोकाकुल माणसाच्या शेजारीच बसलेला असतो.

अशा प्रसंगी कारणे शोधणारे धार्मिक लोक सर्वत्र असतात. माळीणनंतरही पावसाचे मान, डोंगरउताराची माती, भाताच्या खाचरांसाठी केलेली पडकईची सपाटीकरणे यांवर बरीच चर्चा झाली. काहींनी पडकईला दोष दिला, काहींनी तो नाकारला. ही चर्चा योग्यच होती, कारण तीतून पुढची गावे वाचू शकतात. पण कोणाच्या तरी पापाचे फळ म्हणून दरड कोसळली, अशी कुजबुज जेव्हा कोठेही ऐकू येते, तेव्हा प्रभू येशूने स्वत: दिलेले उत्तर आपल्यापाशी तयार आहे. लूकच्या शुभवर्तमानाच्या १३ व्या अध्यायात शिलोह येथील बुरूज पडून अठरा माणसे ठार झाल्याचा उल्लेख येतो. ती माणसे यरुशलेमेतल्या इतरांपेक्षा अधिक अपराधी होती काय, असा प्रश्न येशू विचारतो आणि स्वत:च नकार देतो. विशेष हे की, तो जे वाचले त्यांनाही 'तुम्ही पुण्यवान म्हणून वाचलात' असे म्हणत नाही. उलट त्यांनाच पश्चात्तापाकडे वळवितो. म्हणजे बुरुजाखाली सापडणे हा जसा दोषाचा पुरावा नाही, तसे बुरुजाखालून निसटणे हे गुणाचे प्रशस्तिपत्र नाही. आपल्या साक्षवाङ्मयाने या अर्ध्या पानाच्या मजकुराकडे फारच दुर्लक्ष केले आहे.

आता ज्या रचनेपाशी उपकारस्तुतीचा प्रत्येक लेखक अखेर येतो, त्या स्तोत्र १०७ कडे वळू. वर्षअखेरच्या आभारप्रदर्शनाच्या ख्रिस्तयागात हे स्तोत्र म्हटले जाते तेव्हा आपण त्याचे धृपद तेवढे लक्षात ठेवतो, आणि मधला मजकूर कानांवरून जातो. मधलाच मजकूर महत्त्वाचा आहे. स्तोत्रकार प्रथम म्हणतो की, पूर्व-पश्चिम, उत्तर-दक्षिण अशा चहू दिशांनी गोळा केलेल्या लोकांनी बोलावे. मग तो चार टोळ्या आपल्यापुढे उभ्या करतो. वाळवंटात वाट चुकलेले, भुकेने आणि तहानेने व्याकूळ झालेले. अंधारकोठडीत बेड्या पडलेले. आपल्याच वागण्याने आजारी पडून अन्नाचाही तिटकारा आलेले. आणि शेवटी गलबतांवरचे व्यापारी, ज्यांना वादळाने आकाशाएवढे उचलून तळाशी आपटले आणि जे मद्यप्यासारखे झोकांड्या खाऊ लागले. प्रत्येक टोळी संकटात हाक मारते. प्रत्येकीला सुटका मिळते. आणि प्रत्येक वेळी आभाराचे तेच पद परत येते.

रचनेच्या दृष्टीने तीन गोष्टी आम्हांस लक्षणीय वाटतात. एक तर स्तोत्रकाराला संकटाचे सामान्य वर्णन मान्य नाही. 'नाना प्रकारच्या अडचणी' असे आपण लिहितो. तो वाळू, बेडी, ताट आणि शिडाचे जहाज दाखवितो. आपल्या साक्षींत सुटका तपशीलवार असते आणि संकट मोघम. येथे उलट आहे. वादळाचे वर्णन ओळीमागून ओळ चालते. वादळ शमते ते एका श्वासात. ज्याने संकट नीट पाहिलेच नाही त्याच्या सुटकेवर वाचक का विश्वास ठेवील?

दुसरी गोष्ट अशी की, आभार मानणारे 'मी' नाहीत. चारही टोळ्या 'ते' आहेत. स्तोत्र म्हणणारा मनुष्य कदाचित कधी समुद्रावर गेलेलाही नसेल, पण खलाश्यांच्या सुटकेबद्दल तो स्तुती करतो. दुसऱ्याच्या सुटकेबद्दल मानलेले आभार हा प्रकार आमच्या साक्षीच्या सदरांत जवळजवळ नाहीच. शेजारणीचे मूल बरे झाले म्हणून कोणी साक्ष लिहून पाठवीत नाही.

तिसरी बाब अधिक सूक्ष्म आहे. चौथ्या टोळीनंतर धृपद थांबते. अखेरच्या भागात सूर बदलतो : देव नद्यांचे वाळवंट करतो आणि वाळवंटाचे पाणथळ; भूमी सुपीक करतो, आणि रहिवाशांच्या दुष्टपणामुळे तिला खारटही करतो; अधिपतींना आडरानात भटकवितो आणि दरिद्र्याला उचलून धरतो. येथे हाक नाही, सुटका नाही, धृपद नाही. काही अभ्यासक या भागाला नंतरची जोड म्हणतात. असेलही. पण ज्याने ती जोडली त्याची जाण आम्हांस मोठी वाटते. सुटकेच्या चार कथा सांगून झाल्यावर त्याला आठवले असावे की, सारीच पाणी मागणारी जमीन पाणी पावत नाही. त्याने धृपद ओढूनताणून लावले नाही.

आंबेगावात या अखेरच्या भागाचा अर्थ शब्दश: समोर दिसतो. ज्या आंबेगावाच्या नावाने तालुका ओळखला जातो, ते गाव आज जमिनीवर नाही. घोड नदीवरच्या डिंभे धरणाच्या पाण्याखाली ते गेले. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव दिले आहे. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी मालाच्या लॉरीपुढे प्राण देणारे बाबू गेनू हे याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. कालव्यांनी ते पाणी पूर्वेकडच्या कोरड्या शिवारांत नेले. तेथे ऊस उभा राहिला, कर्ज फिटले, मुली शिकल्या. तेथल्या शेतकऱ्याने विहिरीच्या काठावर नारळ फोडून किंवा पहिल्या कणसांची जुडी वेदीवर ठेवून देवाचे आभार मानले तर ते अगदी उचित आहे. परंतु त्याच पाण्याच्या तळाशी कोणाचे तरी जोते आहे. पाण्याबद्दलची त्याची उपकारस्तुती खोटी ठरत नाही. ती अपुरी असते. (बिबट्यांनाही त्या उसात आसरा मिळाला आणि जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र उभारावे लागले, हा त्या समृद्धीचा आणखी एक धडा, पण तो विषय निराळा.)

स्तोत्रसंहितेत सुटकेची आणखीही स्तोत्रे आहेत. १२४ वे त्यांतले सर्वांत आटोपशीर म्हणावे लागेल. परमेश्वर आपल्या पक्षाचा नसता तर, असे म्हणून ते पुराची आणि फासाची दोन चित्रे रेखाटते. फास तुटतो, पाखरू उडून जाते. तुटलेल्या फाशाकडे पाहत उडणारे ते पाखरू आपल्या मराठी भजनांतही ठिकठिकाणी येऊन बसले आहे. पण ज्या ग्रंथात १२४ आहे त्याच ग्रंथात ८८ वेही आहे. त्यात प्रारंभापासून शेवटपर्यंत हाक आहे आणि उत्तर नाही. ते अंधारात संपते. इतर विलापस्तोत्रे शेवटी स्तुतीकडे वळतात. २२ वेसुद्धा वळते, जे क्रुसावर येशूच्या मुखी आले. ८८ वळत नाही. ज्यांनी हा ग्रंथ सिद्ध केला त्यांनी ते वगळले नाही, त्याला चांगला शेवट जोडला नाही. एखाद्या संपादकाने 'यात साक्ष कोठे आहे?' असे विचारून ते परत पाठविले नाही, याबद्दलच आपण उपकारस्तुती करावी. माळीणच्या कोण्या आईला एखादे स्तोत्र वाचून दाखवावयाचे झाले, तर आम्ही १०७ वाचणार नाही. ८८ वाचू, आणि थांबू.

आता भीमाशंकरच्या घंटेविषयी. हा विषय आमच्या अनेक वाचकांना, विशेषत: वसईकडच्यांना, जवळचा आहे. आंबेगाव आणि खेड या तालुक्यांच्या सीमेवर, अरण्यात असलेल्या त्या ज्योतिर्लिंगाच्या मंदिरापुढे एक मोठी पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगिजांपासून वसई घेतली. तेथल्या चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून निरनिराळ्या देवस्थानांना दिल्या गेल्या, त्यांपैकी ही एक. वाईजवळच्या मेणवलीची घंटाही त्यांतलीच. मोहिमेपूर्वी चिमाजींनी वज्रेश्वरीला नवस केला होता आणि वसई पडल्यावर तेथे मंदिर बांधून तो फेडला, ही परंपरा प्रसिद्ध आहे. जुन्नर तालुक्यातल्या ओझरच्या विघ्नेश्वराच्या शिखरावर त्याच विजयानंतर सोने चढविल्याचे सांगतात. विघ्न हरले म्हणून विघ्नहराला सोने. कृतज्ञतेचे यापेक्षा सरळ रूप कोणते?

चिमाजींच्या बाजूने ती निर्मळ उपकारस्तुती होती. मोहीम प्रदीर्घ आणि रक्तलांछित होती. किल्ल्याच्या तटाखाली हजारो मराठे पडले. पोर्तुगीज अमलात देवळे पाडली गेली होती, माणसांवर धर्माच्या नावाने जुलूम झाला होता, हे इतिहासात नोंदलेले आहे आणि आपण ते नाकारण्याचे कारण नाही. त्या जुलमातून सुटका झाली असे ज्यांना वाटले, त्यांनी घंटा वाजविली तर नवल नाही. पण त्याच दिवशी वसईच्या किल्ल्यातल्या प्रार्थनामंदिरांतून आवाज बंद झाला होता. एकाची सुटका हा दुसऱ्याचा पाडाव होता, आणि दोघांच्याही हातात एकच घंटा होती. त्यापूर्वी पोर्तुगिजांनी आपल्या विजयानंतर 'ते देउम' हे स्तुतिगीत गायिले असेल, तेव्हाही कोणीतरी असेच गप्प झाले असेल. आपल्या लोकांनी हा हिशोब केवळ एका बाजूने मांडू नये. (जाता जाता : वसईतले 'रमेदी' हे नाव आपण उच्चारतो, तेही औषधाच्या आणि उपायाच्या पोर्तुगीज शब्दावरून, 'उपायांची माता' म्हणून पूजिलेल्या पवित्र मरियेच्या चर्चवरून आले आहे. सुटकेची आठवण गावाच्या नावात मुरते आणि मग गावकरीही अर्थ विसरतात.)

यहुदी परंपरेत या पेचाविषयी एक मार्मिक कथा आहे. तांबड्या समुद्रात मिसरी सैन्य बुडत असता स्वर्गदूत स्तुतिगान करू लागले. देवाने त्यांना अडविले : माझ्या हातांनी घडविलेली माणसे पाण्यात बुडत आहेत, आणि तुम्ही गाता? इस्राएलाने गायिलेले गीत देवाने ऐकून घेतले, ते निर्गमच्या १५ व्या अध्यायात राहिले. स्वर्गदूतांना मात्र मनाई झाली. जो फासातून सुटला त्याला गाण्याचा हक्क आहे. काठावर उभे राहून पाहणाऱ्याला नाही. आमच्या मते साक्षीच्या वाङ्मयाचे हे फार चांगले परीक्षण आहे, आणि ते रब्बींनी केव्हाच करून ठेवले आहे.

हाच विवेक आपल्या मराठीतल्या सर्वांत मोठ्या कृतज्ञ कवीने स्वत:च्या अनुभवातून शोधला. तुकारामांनी ज्यांना गुरू म्हणून नमन केले त्या बाबाजी चैतन्यांची समाधी जुन्नर तालुक्यात ओतूरला दाखवितात. तेव्हा तुकारामांविषयी येथे बोलणे विषयाला सोडून होणार नाही. १६३० च्या सुमाराच्या महादुष्काळात त्यांचा व्यापार बुडाला, पत्नी अन्नाविना गेली, मुलगा गेला. पुढे एका अभंगात त्यांनी या साऱ्याला 'बरे झाले' म्हटले. दिवाळे निघाले ते बरे, दुष्काळाने गांजले ते बरे, लोकांत अपमान झाला तोही बरा, कारण त्यामुळे मन देवाकडे लागले. दुसऱ्या एका ठिकाणी तर पत्नीच्या मरणाविषयीही ते अशाच सुरात बोलतात, आणि तेथे वाचक शहारतो. आम्हीही शहारतो. परंतु एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. हे 'बरे झाले' त्यांनी स्वत:च्या घराविषयी उच्चारले, शेजाऱ्याच्या घराविषयी नव्हे. देहूतल्या दुसऱ्या कोणाची पत्नी मेली तेव्हा ते 'बरे झाले' म्हणत गेले नाहीत. स्वत:च्या जखमेचे नाव ठेवण्याचा अधिकार ज्याचा त्याला असतो. धर्मोपदेशक जेव्हा दुसऱ्याच्या जखमेला 'देवाची योजना' हे नाव ठेवतो, तेव्हा तो तुकारामांचे शब्द तुकारामांच्या परवानगीशिवाय वापरीत असतो.

त्याहून आम्हांस प्रिय आहेत ते इंद्रायणीत बुडविलेल्या वह्या परत मिळाल्यानंतरचे अभंग. वह्या तरल्या, चमत्कार घडला, आपल्या साच्यानुसार येथे साक्ष हवी : देवाने माझी लाज राखली, शत्रूंची तोंडे बंद झाली. तुकाराम काय करतात? ते शरमतात. मी देवाला त्रास दिला, माझ्या हट्टापायी त्याला पाण्यात उभे केले, असा त्यांचा सूर आहे. सुटकेने त्यांना मोठे केले नाही, ओशाळे केले. जगाच्या भक्तिसाहित्यात ही भूमिका विरळा असावी. लूकच्या १७ व्या अध्यायातल्या दहा कुष्ठरोग्यांपैकी जो एकटा परत आला, तोही मोठ्याने स्तुती करीत येतो आणि पायांशी पालथा पडतो. उरलेले नऊ कदाचित घरोघरी साक्ष देत फिरत असतील.

दुष्काळातून वाचलेल्या आणखी एका व्यक्तीचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पंडिता रमाबाईंनी १८७४ च्या सुमारास आई, वडील आणि बहीण यांना उपासमारीत गमावले. भाऊ आणि त्या उरल्या, आणि देशभर चालत राहिल्या. पुढे १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा त्या मध्य प्रांतात गेल्या आणि भुकेने मरणाऱ्या मुलींना घेऊन आल्या. १९०० मध्ये गुजरातेतून आणल्या. केडगावच्या त्या घराला त्यांनी 'मुक्ती' म्हटले. रमाबाई आपल्या कॅथलिक पंथाच्या नव्हत्या, त्यांचा मार्ग निराळा होता. पण त्यांनी आपल्या सुटकेची साक्ष कशी मांडली हे पाहण्यास पंथ आड येऊ नये. भुकेत माणसाचे काय होते हे त्यांना ठाऊक होते, म्हणून त्यांच्या लेखनात संकट मोघम नाही. आणि सुटकेचे वर्णन त्यांनी बहुतांशी कागदावर केलेच नाही, ते कोठारात आणि पाकगृहात केले. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' हा याच घराण्यातला दुसरा ग्रंथ. त्यातली गंमत अशी की, संकट ऐन भरात असताना बाईंना हसू येते. देव त्यांच्या पानोपानी आहे, पण त्याला प्रत्येक प्रसंगाच्या शेवटी रंगमंचावर बोलाविले जात नाही. आमच्या साक्षलेखकांनी दुसरे काही न वाचता हे एक पुस्तक वाचले तरी पुष्कळ होईल.

जुन्या करारात उपकारस्तुतीच्या अर्पणाला 'तोदा' म्हणतात. त्याच धातूपासून कबुली देणे हाही अर्थ निघतो, म्हणजे आभार आणि अपराधाची कबुली हिब्रूत एकाच घरात राहतात. तुकारामांना हे कोणी सांगण्याची गरज पडली नसती. लेवीय पुस्तकाच्या ७ व्या अध्यायात या अर्पणाचा एक विचित्र वाटणारा नियम आहे. इतर शांत्यर्पणांचे मांस दुसऱ्या दिवशीही खाता येत असे. उपकारस्तुतीचे मात्र त्याच दिवशी संपले पाहिजे, सकाळपर्यंत काही उरता कामा नये. शिवाय त्याबरोबर भाकरींची मोठी रास. एका कुटुंबाला हे संपविणे शक्य नव्हते. सुटलेल्या माणसाला शेजारीपाजारी, वाटसरू, कदाचित ज्याची सुटका झाली नाही असाही कोणी, जेवावयास बोलवावाच लागे. नियम पोटाचा आहे, आणि फार शहाणा आहे. आमच्या धर्मग्रामातून वर्षअखेरीस आभाराच्या मिस्सेसाठी देणग्या येतात तेव्हा हा नियम आठवतो.

माळीणचे जे लोक उरले त्यांचे पुनर्वसन आमडे येथे झाले. एप्रिल २०१७ मध्ये नवी घरे त्यांच्या स्वाधीन करण्यात आली. नव्या घराच्या उंबऱ्यावर त्यांनी काय म्हटले असेल याची कल्पना करण्याचे धाडस आम्ही करणार नाही. ते त्यांचे वाङ्मय आहे. आमच्या वाङ्मयापुरते एवढे सांगता येईल की, ज्या विधीला आपण 'युखरिस्त' म्हणतो त्या ग्रीक शब्दाचाच अर्थ आभार मानणे असा आहे. त्या आभारप्रार्थनेचा आरंभ देवाच्या उपकारांच्या घोषाने होतो. मग ज्या रात्री येशू धरून दिला गेला ती रात्र येते, कारण त्याने भाकर घेऊन आभार मानले ते सुटकेनंतर नव्हे, अटकेपूर्वी. आणि आमेन म्हणण्यापूर्वी, त्याच प्रार्थनेत, मेलेल्यांची आठवण केली जाते.